गाडीला 'अर्थ' भेटत नाहीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमची रविवारची पुरवणी मी मागून वाचायला घेतो, कारण गाड्यांचं पान तिकडे असतं. पण किती वर्षं झाली, त्या पानावर नवीन गाड्याच. सनरूफ, मोठी टचस्क्रीन, बुकिंग किती हजारात, हेच. आणि इकडे आमच्या खामल्यात सकाळी फिरायला निघालो की दर दुसऱ्या गेटसमोर बारा-पंधरा वर्षांची गाडी कव्हर घालून उभी. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, तरी आमच्या गल्लीतली एक रोज दूध आणायला जाते आणि येताना हॉर्नही वाजवते. ह्या गाड्यांबद्दल कोणी लिहीतच नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी काही मेकॅनिक नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, पण सेकंडहँड गाडीने चार वर्षांत जे शिकवलं ते सांगतो. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मल्टीमीटरचा भाग ठेवा.

गाडी २०१० ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, एमएच-३१ पासिंग, मी २०२१ मध्ये घेतली. इंजिन मस्त, एसी मस्त, टायर बरे. पहिल्याच महिन्यात एकदा संध्याकाळी वर्धा रोडवर सिग्नलला उभे होतो, हेडलाइट लावायची वेळ अजून झाली नव्हती, आणि बायको म्हणाली, "अहो, तुम्ही ब्रेक दाबला की हे समोरचे लाइट का लागतात?" मी म्हटलं काहीतरीच काय. तर खरंच, पाय ब्रेकवर ठेवला की डॅशबोर्डवरच्या मीटरमधले लाइट मंद पेटायचे, पाय उचलला की विझायचे. घरी येऊन तिला मागे उभं केलं, तर डावा ब्रेकलाइट अगदी मिणमिणता आणि ब्रेक दाबला की पार्किंग लाइटही पेटतोय. म्हणजे गाडीत भूत!

एका गॅरेजने सांगितलं स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच गेला, साडेतीन हजार. दुसऱ्याने बोनेट उघडलं, बंद केलं, मान हलवली, म्हणे गाडी जुनी झाली साहेब, पूर्ण वायरिंग टाकावी लागेल, अठरा हजार धरून चला. दोघांपैकी एकानेही मागचा लाइट उघडून पाहिला नाही हे मला आता कळतंय, तेव्हा कुठे कळत होतं, मी तर पैशाची जमवाजमव करायला लागलो होतो.

मग कामठी रोडवर एका टपरीवजा दुकानात एक ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला, पस्तिशीचा असेल. त्याने ऐकून घेतलं, डिक्की उघडली, आतलं कव्हर काढलं आणि एका लांब वायरचं एक टोक मागच्या लाइटच्या काळ्या वायरीला टोचलं, दुसरं टोक बॉडीच्या एका स्वच्छ बोल्टला धरलं. "काका, आता मारा ब्रेक." ब्रेक दाबला, डावा लाइट लख्ख, मीटर शांत. मी बघतच राहिलो. तो म्हणाला, "गाडीले काहीच नाही झालं काका, तिले अर्थ नाही भेटून राह्यला."

त्याने दाखवलं ते असं, की डिक्कीत डाव्या कोपऱ्यात काळी वायर एका थिंबलने (वायरच्या टोकाची धातूची कडी) बॉडीला स्क्रूने कसलेली असते, तो स्क्रू गंजून तपकिरी झाला होता आणि खाली पावडर. करंट बॅटरीतून येतो, बल्बमधून जातो आणि ह्या काळ्या वायरीने बॉडीत उतरून बॅटरीच्या मायनसला परत जातो, ह्या परतीच्या जोडालाच अर्थ म्हणतात. परतीची वाट बंद असली की तो दुसरी वाट शोधतो. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॉटची आणि पार्किंगची ५ वॉटची, दोघींची मायनस एकच. तर ब्रेकचा करंट मायनसकडे जाऊ शकला नाही की उलटा पार्किंगच्या तारेतून शिरतो आणि तिथून उजवा पार्किंग, मीटरचे लाइट असं सगळीकडे फिरून कुठेतरी बॉडीला लागतो. नाली तुंबली की पाणी शेजाऱ्याच्या मोरीतून वर येतं ना, अगदी तसंच. पॉलिश पेपरने त्याने तो स्क्रू आणि पत्र्याची जागा चमकेपर्यंत घासली, थिंबल घासलं, कसलं, वरून ग्रीस लावलं. दहा मिनिटं. किती द्यायचे विचारलं तर म्हणे द्या काय द्याचे ते. दोनशे दिले, चहा पाजला, आणि त्या दिवसापासून मी त्याचा शिष्य.

तर सांगायचं एवढंच आहे की जुन्या गाडीत लाइटचं काहीही विचित्र दिसलं, म्हणजे एक दाबलं की दुसरं लागतं, इंडिकेटर दिला की हेडलाइट धडधडतो, हॉर्न वाजवला की वायपर हळू होतो, तर पार्ट बदलू नका, आधी अर्थ बघा. तांब्याची तार सहसा अशी आपोआप खराब होत नाही हो, खराब होतात ते जोड.

आता मीटर. बाजारात साधा डिजिटल मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे मिळेल. घरातल्या डब्यातल्या जुन्या सेलपासून इन्व्हर्टरच्या बॅटरीपर्यंत सगळ्याला उपयोगी. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी चांगली चार्ज असेल तर साधारण १२.६ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी सुरू केल्यावर तेच १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला पाहिजे, म्हणजे अल्टरनेटर, आपली जुनी माणसं ज्याला डायनामो म्हणतात तो, चार्ज करतोय. सुरू गाडीत पण १२.३ च दाखवत असेल तर बॅटरी नवीन टाकून काही होणार नाही, ती पण दोन दिवसांत झोपेल. हे एवढं मोजायला दोन मिनिटं लागतात आणि ह्याच दोन मिनिटांसाठी लोक चार हजाराची बॅटरी विकत घेतात.

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तेच केलं होतं. सेल्फ मारला की गाडी घर्र... घर्र... करत म्हाताऱ्यासारखी उठायची म्हणून त्याने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, बिलं त्यानेच मला अभिमानाने दाखवली. कामठी रोडवरच्या आमच्या मिस्त्रीभाऊने मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवलं, दुसरं इंजिनच्या धातूवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. चांगली वायर असेल तर तिथे फार तर ०.२-०.३ व्होल्ट दिसायला पाहिजेत. माझ्याकडे दीड आला. म्हणजे बॅटरीचे साडेअकरा-बारा व्होल्ट सेल्फपर्यंत पोचायच्या आधीच दीड त्या मायनस आणि इंजिन जोडणाऱ्या एका जाड अर्थ पट्टीत मरत होते. पट्टी वरून ठीक दिसत होती, बोल्ट काढला तर आत हिरवी पूड. नवीन पट्टी अडीचशेची. जुन्या दोन बॅटऱ्या भंगारवाल्याने कधीच नेल्या.

आणि टर्मिनलवर जो पांढरा-निळसर फेस येतो तो तर घरीच निघतो. आधी मायनस काढायचा, मग प्लस, लावताना उलटं, आधी प्लस मग मायनस. कारण विचाराल तर, प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असला तर ठिणगी अशी उडते की पाना हातातून पडतो (पडलाय, माझ्याच हातातून). सेलची झाकणं घट्ट लावून गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला की फेस उसळून येतो, मग पुसून, कोरडं करून व्हॅसलिन चोपडायचं. चष्मा घाला, हात धुवा, ते अ‍ॅसिड आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेला की बोनेटखाली काय होत असेल. ज्या बॅटऱ्यांना झाकणं असतात त्यांचं पाणी मे महिन्यात भराभर आटतं, प्लेटा उघड्या पडल्या की तो भाग गेला समजा. बॅटरी मरते मे महिन्यात आणि आपल्याला कळतं डिसेंबरात, पहाटे गारठ्यात सेल्फ मारल्यावर, आणि आपण शिव्या थंडीला देतो. म्हणून कूलरमध्ये पाणी भरताना गाडीची आठवण ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा झाकण उघडून बघा. फक्त पाणी डिस्टिल्डच. नळाचं किंवा बोअरचं नको. कूलरच्या जाळीवर मेअखेर जो पांढरा थर बसतो तो बघितलाय ना, तसे क्षार बॅटरीच्या पोटात कशाला घालायचे.

पुढची भानगड मात्र खरी डोकं खाणारी होती. सगळे अर्थ साफ, बॅटरी चांगली, चार्जिंग १४.१, तरी तीन दिवस गाडी उभी ठेवली की चौथ्या दिवशी मुकी. लेकीकडे पुण्याला आठ दिवस जाऊन आलो तर रिमोटने दरवाजाही उघडेना. म्हणजे गाडी बंद असताना कोणीतरी गुपचूप करंट पीत होतं. ह्याला उपाय असा की मायनसचं टर्मिनल काढायचं आणि मल्टीमीटर १० अँपिअरच्या भोकात वायर घालून मायनसची वायर आणि बॅटरी ह्यांच्या मध्ये जोडायचा, दरवाजे बंद, किल्ली बाहेर, आणि वीस मिनिटं थांबायचं, कारण नवीनसर गाड्यांमधले कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. ह्या वेळात चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. माझ्याकडे ०.३८. हिशेब करा, दिवसाचे नऊ अँपिअर-अवर, बॅटरी ३५ ची, तीन दिवसांत २७ गेले, राहिलं काय?

मग एक एक फ्यूज काढत जायचं आणि आकडा बघायचा. मी मांडी घालून ड्रायव्हरच्या दारात, बायको बोनेटजवळ मीटर वाचतेय, तिसऱ्या ओळीतला फ्यूज ओढला आणि ती ओरडली, "पडला! शून्य पॉइंट शून्य तीन!" ऑडिओचा फ्यूज. आधीच्या मालकाने बाहेरून टाकलेली म्युझिक सिस्टिम, मागे अ‍ॅम्प्लिफायर, सगळं. ह्या सिस्टिमला पिवळी वायर कायमच्या करंटची असते, घड्याळ आणि सेटिंग टिकवायला, आणि लाल वायर किल्लीवरची. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून काळी टेप गुंडाळली होती, म्हणजे किल्ली नसतानाही गाणी वाजावी ही सोय. सोयीपोटी अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. लाल वेगळी करून किल्लीवर दिली, विषय संपला. जुन्या गाडीत कुठेही काळी टेप दिसली की मी आता आधी तिथेच संशय घेतो. कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतरचं 'डायरेक्ट करून दिलंय' हेच जास्त रडवतं.

फ्यूजचं निघालंच आहे तर, माझ्या फ्यूजबॉक्समध्ये एका जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली निघाली. अंगावर काटा आला. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून, तिथे चांदी घातली की मग वायरच फ्यूज. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा, जिथे जो होता तिथे तोच टाका, दहा-वीस रुपयांचं काम. नवा पण लगेच उडाला तर मोठा टाकू नका, कुठेतरी वायर बॉडीला घासतेय ते शोधा.

बाकी छोट्या गोष्टी भराभर सांगतो. एका बाजूचा इंडिकेटर अचानक टिकटिकटिक घाईत वाजायला लागला तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) नाही गेला, त्या बाजूचा पुढचा नाहीतर मागचा बल्ब गेला, उतरून बघा. हौसेने एलईडी बल्ब टाकले की पण तसंच होतं, कारण ते करंट कमी ओढतात आणि फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. पॉवर विंडो हळू चढते तर मोटर बदलायला सांगतात, आधी रबराच्या खाचेत सिलिकॉन स्प्रे मारा. दरवाजा अर्धा उघडा असताना काच चालते आणि बंद केल्यावर नाही, तर दरवाजा आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटली आहे, वरचं प्लास्टिक शाबूत असतं आणि आत तांबं तुटलेलं, हाताने दाबत गेलं की मऊ लागतं ती जागा. पंधरा वर्षं दिवसातून दहा वेळा वाकवल्यावर कोण टिकेल.

हेडलाइटला १०० वॉटचे बल्ब टाकणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे. कंपनीचा ६०/५५ वॉटचा (हाय बीम/लो बीम) असतो, एका बल्बला साधारण पाच अँपिअर, १०० चा आठच्या वर ओढतो, आणि तेवढ्यासाठी ती वायर, तो स्विच, तो होल्डर बनवलेला नाही. होल्डर वितळलेला मी पाहिलाय, बासुंदी लागल्यासारखा वास आणि तपकिरी प्लास्टिक. वर समोरच्याच्या डोळ्यात तीर. उजेड कमी वाटतो तर आधी काच पॉलिश करा आणि हेडलाइटचा अर्थ घासा, निम्मा उजेड तिथेच अडकलेला असतो.

उंदरांवर माझ्याकडे उपाय नाही. फिनाइलच्या गोळ्या ठेवल्या तर त्यांच्या शेजारीच संसार थाटला. तंबाखू ठेवला, तो गेला (उंदरांनी नेला की वॉचमनने ते नक्की नाही). रात्री बोनेट उघडं ठेवलं तर त्यांना उबदार अंधार मिळत नाही, एवढं एक थोडं चालतं, पण रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला ते जमत नाही.

एक गोष्ट मात्र सावकाश लिहितो, कारण ती आपल्या शहराची आहे. २३ सप्टेंबर २०२३, शनिवार, गणपती बसलेले होते, पहाटे पाऊस असा कोसळला की अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घरात शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, तिकडच्या गाड्या बोनेटच्या वर पाण्यात होत्या, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या गाड्या नंतर कुठे गेल्या? सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. माझ्या मेहुण्याने २०२४ मध्ये एक गाडी घेतली, दिसायला चकाचक, भाव जरा जास्तच चांगला. सहा महिने काही नाही, मग आज सेंट्रल लॉक, उद्या काच, परवा चेक इंजिनचा लाइट, एक बुजवलं की दुसरं. आमच्या मिस्त्रीभाऊने सीटखालचा कनेक्टर काढून दाखवला, पिना हिरव्या, आणि वायर सोलली तर आत वीतभर काळं पडलेलं तांबं. पाणी वायरीच्या आतून केशवाहिनीसारखं चढतं, गंज लगेच दिसत नाही, महिन्यांनी वर येतो. इथे अर्थ घासून भागत नाही. मेहुण्याने मला तेव्हा सोबत नेलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याने विचारलं कुठे, मेहुणाच तो.

जुनी गाडी घेताना एवढं करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरचा भाग सगळे धुतात, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून माती येते का बघा. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सचं झाकण काढा. कार्पेट कोपऱ्यातून उचलून वास घ्या, विकणारा वैतागला तर वैतागू दे. आणि प्रत्येक बटण, अगदी मागचा डिफॉगरसुद्धा, स्वतः दाबून बघा.

कशाला हात लावायचा नाही तेही लिहितो, नाहीतर माझ्या नावाने कोणीतरी बोंब मारेल. स्टिअरिंगखाली पिवळे कनेक्टर, पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या की त्या एअरबॅगच्या, तिथे टेस्ट लॅम्प नाही, मीटर नाही, काही नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो बंद. सीएनजी किट असेल तर त्याच्या वायरिंगचं काम त्याच्याच माणसाकडे.

गाडीला १५ वर्षं झाली, आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करायला गाडी आरटीओत दाखवली. रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते, त्यांचा डावा ब्रेकलाइट लागत नव्हता, साहेबाने परत पाठवलं. ते बिचारे बल्ब बदलून आले होते सकाळीच, नवा बल्ब, तरी अंधार. मी डिक्की उघडायला लावली, खिशातला पॉलिश पेपर काढला (हो, आता खिशात असतो), काळी वायर, गंजलेला स्क्रू, पाच मिनिटं. लाइट लागला. त्यांनी चहा पाजला, म्हणजे हिशेब फिटला.

तर संपादक साहेब, विनंती अशी की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी अर्धं पान जुन्या गाड्यांना द्या. शहरातल्या एखाद्या टपरीवरच्या इलेक्ट्रिशियनला बोलतं करा, त्याला सनरूफबद्दल विचारू नका, गेल्या आठवड्यात कोणत्या गाडीत काय सापडलं ते विचारा. लोक कात्रण काढून डॅशबोर्डात ठेवतील.

माझ्या गाडीचा रिव्हर्स लाइट अजून लागत नाहीये. बल्ब चांगला, फ्यूज चांगला, अर्थ घासून झाला, आता गिअरबॉक्सवरच्या स्विचवर संशय आहे, रविवारी खाली झोपून बघणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक
खामला, नागपूर